बुधाजीचा धुरा

अमरावतीच्या एका लग्नात चंद्रभान गावंडेचं जे डोकं फिरलं, ते पुढं तीन महिने ताळ्यावर आलं नाही.

झालं तसं फार काही नव्हतं. पंगतीत शेजारी एक वकील बसले होते. त्यांनी जिलबी मोडता मोडता विचारलं, "आपण काय करता?"

"भूकरमापक आहे. मोजणी खात्यात."

वकिलांनी एक डोळा बारीक केला आणि पलीकडच्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "वा! मंग त दोन्हीकडून जेवन. ज्याचं वावर जास्त भरलं तोबी देते, ज्याचं कमी भरलं तोबी देते."

पंगत हसली. त्याच पंगतीत एक डॉक्टर होता, दोन मास्तर होते, सहकारी बँकेचा एक मॅनेजर होता. त्यांच्या जेवणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चंद्रभाननं तर एकतीस वर्षांत कुणाच्या वावरात चहासुद्धा घेतला नव्हता. मोजणीला जाताना डबा घरून, पाण्याची बाटली घरून. बाटली संपली तर कोरड्या घशानं परत. पण हे पंगतीत उठून सांगायचं म्हणजे लोकांना हसायला आणखी एक कारण द्यायचं. तो मसालेभात अर्धा टाकून उठला.

अकोल्याच्या परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत तो बायकोशी बोलला नाही. मग एकदम सुरू झाला.

"डॉक्टरचा दिवस असते, मास्तरचा असते, इंजिनेराचा असते. आमचाबी असते! दहा एप्रिल, भूमापन दिन. कोनाले माहीत हाये?"

कौशल्या खिडकीशी बसली होती. "मले तरी कुठं माहीत होतं? अठ्ठावीस वर्षं झाले लग्नाले."

"तेच त म्हनून राहिलो मी!"

"हळू बोला. कंडक्टर पाहून राहिला."

माणसाला आपल्या कामाचा अभिमान असावा, पण तो चंद्रभानसारखा असू नये. शेजारपाजाऱ्यांना त्रास होतो. दुसऱ्या दिवसापासून तो भेटेल त्याला धरून सांगू लागला, की रस्ता असो, धरण असो, शाळा असो, तिथं सगळ्यांच्या आधी पाय लागतो तो मोजणीवाल्याचा. आणि उद्घाटनाच्या दगडावर सगळ्यांची नावं येतात, त्याचं सोडून. भाजीवाल्यानं हे सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेथी किती देऊ साहेब?"

तालुक्याच्या मोजणी कचेरीत भूमापन दिन दरवर्षी एकाच पद्धतीनं व्हायचा. भिंतीवरच्या तसबिरीला हार, माणशी एक समोसा, अर्धा कप चहा आणि साडेअकराला पुन्हा फायली. यंदा चंद्रभान तडक अनुपमा मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. मॅडम कचेरीच्या प्रमुख. मूळच्या अमरावतीच्या, वकिलांच्या घरातल्या, बोलायला नेमक्या. त्यांच्या टेबलावर यंदाच्या पोस्टरचा नमुना पडला होता.

"पोस्टर कोनी वाचत नाई, मॅडम. लोकाईले मोजणी दाखवू. भर वावरात, शाळेच्या पोट्ट्याईसमोर, पेपरवाल्यासमोर. आपन कसं मोजतो, कशावरून मोजतो, हे पाहू द्या त्याइले. पाहिल्याशिवाय इज्जत नाई भेटत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कल्पना त्यांना आवडली होती. "पण शेत वाद नसलेलं निवडा, गावंडे. कॅमेऱ्यासमोर कुणी कुऱ्हाड काढली, तर आपली इज्जत फारच वर जाईल."

"वादाचंच हाये, पन वाद मिटलेला हाये. मीच मिटवलेला. धामणखेडचा."

धामणखेडची गोष्ट कचेरीत शिपायापासून सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण चंद्रभान ती महिन्यातून दोनदा तरी सांगायचा. अकरा वर्षांपूर्वी त्या गावात उत्तमराव आणि बुधाजी या दोन शेजाऱ्यांत धुऱ्यावरून जुंपली होती. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. उत्तमराव म्हणायचा, बुधाजी दरसाल नांगरताना धुरा कोरतो आणि इंच इंच माझ्याकडं सरकतो. बुधाजी म्हणायचा, मी एका ढेकळाला हात लावला नाही. डोकी फुटली, पोलीस आले, आणि शेवटी मोजणीचा अर्ज होऊन चंद्रभान आला.

धामणखेडच्या शिवेवर, तीन गावांच्या हद्दी जिथं मिळतात तिथं, एक शेंदूर फासलेला दगड आहे. गाव त्याला गोटेबाबा म्हणतं. इंग्रजांच्या काळातल्या पहिल्या मोजणीच्या नकाशातही तो दगड आहे. चंद्रभाननं त्या दगडापासून माप धरलं, पश्चिमेकडं उत्तमरावचं वावर ओलांडलं, धुराही ओलांडला आणि खुंटी ठोकली ती बुधाजीच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आठ फूट आत. म्हणजे बुधाजीनं आठ फूट खाल्ले होते. सगळ्या गावादेखत हे सिद्ध झालं. बुधाजीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नवा धुरा पडला, आणि त्यानंतर त्या दोन घरांत कधी भांडण झालं नाही. "देवापासून मोजलं, देवानंच निकाल देल्ला," असं म्हणून चंद्रभान गोष्ट संपवायचा आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा.

कार्यक्रम धामणखेडलाच ठरला. त्या दिवसापासून चंद्रभानच्या पायाला भिंगरी लागली. शाळेच्या मुख्याध्यापकांकडं तीन खेपा झाल्या. अकोल्याच्या पेपरातला विपुल नावाचा वार्ताहर 'बघतो' म्हणाला, तर त्यानं त्याला रोज सकाळी फोन करून बघायला लावलं. मोठा फलक रंगवून घेतला: 'मोजणीवर विश्वास, गावात शांती.' ही ओळ त्याची स्वतःची. ती सुचायला दोन दिवस लागले होते आणि कौशल्येला ती सतरा वेळा ऐकावी लागली होती. अकोल्याहून जिल्ह्याचे अधीक्षक यायला तयार झाले. उत्तमराव तर हरखूनच गेला. मंडप माझा, सतरंज्या माझ्या, आणि गावंडे साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही माझ्याच हातानं, असं त्यानं जाहीर केलं. चंद्रभान तोंडानं नको नको म्हणाला आणि घरी येऊन पांढरा सदरा इस्त्रीला टाकून आला.

सहा एप्रिलला तो रंगीत तालमीसाठी धामणखेडला गेला. आता पूर्वीची मापाची साखळी राहिली नव्हती, तिवईवर फळा मांडून नकाशा काढायचं यंत्रही गेलं होतं. आता रोव्हर आलं होतं: काठीच्या टोकावर ताटलीएवढं यंत्र. ते उपग्रहांशी बोलतं आणि तुम्ही उभे आहात ती जागा दोन बोटांच्या अंतराइतकी अचूक सांगतं. चंद्रभान सकाळीच कामाला लागला. पिकं निघालेली, वावरं उघडी, काळ्या मातीला भेगा पडलेल्या; मोजणीला यासारखा हंगाम नाही. नाल्याजवळचा जुना दगड नकाशाशी तंतोतंत जुळला. स्मशानाजवळचा जुळला. पाणंदीच्या तोंडाशी अर्धा मातीत गाडलेला एक होता, तोही उकरून काढला, जुळला. मग तो रस्त्याच्या कडेला गोटेबाबापाशी आला, पायातले बूट काढले, काठी दगडाला टेकवली आणि पडद्यावर पाहिलं.

आठ फुटांचा फरक.

त्यानं यंत्र बंद केलं, पुसलं, सुरू केलं. आठ फूट. तो परत नाल्यापाशी चालत गेला, तिथं यंत्र खरं बोलत होतं. परत आला. आठ फूट.

पलीकडच्या मोकळ्या जागेत शाळेची पोरं कबड्डी खेळत होती. एकानं पायानं मधली रेघ पुसून पुढं ओढली, तशी बाकीची एकसाथ ओरडली, "बुधाजी केलं! बुधाजी केलं!"

चंद्रभाननं मान वळवली. "बुधाजी केलं म्हंजे काय रे?"

"रेघ सरकवली त्यानं, साहेब," एक दहाएक वर्षांचं पोरगं म्हणालं. "चिटिंग."

"हे बुधाजी कोन?"

"कोनी नाई. असंच म्हनतेत."

बुधाजीला जाऊन सात वर्षं झाली होती. पोराला तो आठवतसुद्धा नसणार. 

गोटेबाबाचा म्हातारा पुजारी निंबाखाली सुपारी कातरत बसला होता. चंद्रभान त्याच्यासमोर उकिडवा बसला. "महाराज, हा गोटा जुनाच ना?"

"जुना म्हंजे? माह्या पणज्याच्या आधीचा."

अगदी हेच उत्तर त्याला अकरा वर्षांपूर्वीही मिळालं होतं, याच माणसाकडून. या वेळी तो उठला नाही. "आन पह्यलेपासून इथंच होता?"

"इथं? नाई बाप्पा! इथं त बाबा मंग आले. हा रोड रुंद झाला ना, तवा बाबा पार डांबरात येऊन राहिले होते. मंग मुहूर्त काढला, बँड आनला, दोन क्विंटलची बुंदी पाडली आन बाबाले इकडं बसवलं. झाले असतीन पंधरा वर्षं."

"मंग माह्या मोजणीच्या वक्ताले सांगितलं काहून नाई?"

पुजाऱ्यानं सुपारीवरून नजर वर केली. "तुमी इचारलं, गोटा जुना हाये काय. जुनाच हाये." मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आन देव सरकवला असं म्हनत नाई कोनी, साहेब. बाबाची इच्छा झाली, बाबा आले."

मोजणीवाल्यांचा एक जुना आडाखा आहे. बाकीचे दगड लोक नांगरात काढतात, पायरीला वापरतात, म्हशी बांधायला नेतात. पण ज्या दगडाला शेंदूर लागला, तो कुणी हलवत नाही. चंद्रभान वीस वर्षं नव्या पोरांना हे शिकवत आला होता. पण त्याच पोरांना तो दुसरंही एक शिकवायचा, की एका खुणेवर कधी जाऊ नका, निदान तीन पडताळा. त्या वर्षी नाल्याजवळचा दगड पुरुषभर उंचीच्या तुरीत होता, पाणंदीतला मातीखाली होता, आणि दुपारी दुसऱ्या गावी दुसरी मोजणी होती. तो देवावर विसंबला. दगड पश्चिमेला आठ फूट आत आला होता, म्हणून माप पश्चिमेला आठ फूट आत गेलं. जुना धुरा जिथं होता तिथंच खरा होता. बुधाजीनं ढेकळालाही हात लावला नव्हता.

तो सामान तसंच टाकून गावात निघाला. कुठं निघाला हे त्याला स्वतःलाही कळत नव्हतं, पण थांबला तो बुधाजीच्या दारात. बुधाजीची बायको आशाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं त्याला लगेच ओळखलं, पदर सावरून उठली आणि तांब्याभर पाणी आणलं. पक्षकाराच्या घरचं पाणी त्यानं आजवर घेतलं नव्हतं. आज घटाघटा प्यायला.

"कार्यक्रमाचं सांगाले आले काय, साहेब? मी येतो. आमच्या बचतगटालेच मठ्ठा करायचं काम भेटलं."

"हाव," चंद्रभान म्हणाला. "या."

एवढंच त्याच्या तोंडून निघालं. स्वतःवर चरफडत तो मोटरसायकलपाशी परत आला.

दुपारी त्यानं अनुपमा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा दोनदा पाहिला. मग केबिनचं दार लावून घेतलं.

"फेरमोजणी होईल, गावंडे. रीतसर नोटीस जाईल, दोन्ही बाजूंना बोलावू, चूक दुरुस्त करू. मी ती दाबणार नाही. पण दहा तारखेला नाही. हा सगळा खटाटोप आपण कशासाठी केला? लोकांचा विश्वास बसावा म्हणून ना? त्याच दिवशी माईकवरून सांगायचं, की आमचा सगळ्यात नावाजलेला माणूस सरकवलेल्या देवाला फसला? उद्या तालुक्यातली प्रत्येक मोजणी लोक उकरून काढतील. तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. चौकशी लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शाळेचं मैदान मोजा. पोरांना तेही आवडेल. हे आपण मे महिन्यात करू."

यात एक शब्द चुकीचा नव्हता, आणि चंद्रभानला खरा त्रास त्याचाच झाला. मॅडम खोटं बोलल्या असत्या, तर निदान भांडता आलं असतं. तो "बरं" म्हणून बाहेर आला.

पुढचे तीन दिवस घरात त्याचं कुठंच बूड टेकेना. जेवताना उठायचा, अंगणात यायचा, परत जायचा. नऊ तारखेला सकाळी कौशल्येनं पाहिलं, तर हा टेप घेऊन स्वतःच्याच कंपाउंडची भिंत मोजतोय. तिसऱ्यांदा.

"ते भिंत काय पळून जाऊन राहिली काय?"

मग त्यानं तिला सांगितलं. सगळं, पोरांच्या 'बुधाजी केलं'सकट. ती पायरीवर बसली आणि तिनं मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मॅडम म्हनतेत मे महिन्यात करू. एक महिन्यानं काय बिघडते? मानूस त गेलाच."

"गेला ना? मंग घाई त्याले नाई," कौशल्या म्हणाली. "घाई तुमालेच हाये. म्हनून त भिंत मोजून राहिले." आणि ती पोळ्या टाकायला आत गेली.

दहा तारखेला आठ वाजताच ऊन चटकत होतं. मंडप भरला. पुढं पोरं, मागं गाव, डाव्या अंगाला बचतगटाच्या बाया मठ्ठ्याची पिंपं घेऊन. अधीक्षक आले, हार झाले, दीप लावला. वाऱ्यानं तो तीनदा विझला. विपुलही कॅमेरा गळ्यात अडकवून आला होता. मॅडमनी मोजणी म्हणजे काय ते फार छान सांगितलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि चंद्रभानला क्षणभर वाटलं की निघून जाईल आजचा दिवस.

मग उत्तमराव माईकपाशी गेला. बोलणारा माणूस, आणि आज हातात माईक. त्यानं धामणखेडची गोष्ट सुरू केली. "आमचा शेजारी बुधाजी दरसाल धुरा कोरे. आठ फूट कोरला! आमी कोनाले सांगावं? मंग गावंडे साहेब आले, आन..."

बुधाजीचं नाव निघताच पोरांच्या रांगेत खसखस पिकली. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. चंद्रभाननं नको तिकडं पाहिलं. आशाबाई वाकून पेल्यात मठ्ठा ओतत होती. तिचा हात थांबला नाही, चेहरा हलला नाही. हे ऐकायची तिला इतकी सवय झाली होती.

"...तर अशा या मानसाचा सत्कार आता आपन करू!"

शाल खांद्यावर आली. चंद्रभानला ती अंगावर नकोशी झाली. त्यानं ती काढली, घडी न करताच खुर्चीवर टाकली आणि उत्तमरावच्या हातातला माईक घेतला. मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी हळूच मान नकारार्थी हलवली.

"पोट्टेहो," चंद्रभान म्हणाला. त्याचा आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा सुरू केलं. "पोट्टेहो, उत्तमराव बोलले ते खोटं हाये. त्याइचा दोष नाई, त्याइले मीच तसं सांगितलं. बुधाजीनं धुरा कोरला नव्हता. मोजणी चुकली होती. मी चुकलो होतो."

 अधीक्षक मॅडमकडं वळले. मॅडम समोर बघत राहिल्या.

"मी गोटेबाबापासून मोजलं. बाबा रस्त्याच्या कामात आठ फूट आत आले, हे मले माहीत नव्हतं. पन माहीत करून घेनं माहं काम होतं. अजून दोन दगड पाहाले पाहिजे होते, म्या नाई पाहिले. घाई होती. तुमी मोजणी पाहाले आले ना? चला. पाहा."

त्यानं रोव्हर खांद्यावर टाकलं आणि मंडपातून बाहेर पडला. आधी पोरं उठली, मग गाव उठलं, आणि सगळं गाव गेल्यावर रिकाम्या मंडपात बसून राहणं बरं दिसेना म्हणून अधीक्षकही उठले. नाल्याजवळच्या दगडावर त्यानं पोरांना पडदा दाखवला, एका पोरीकडून आकडा मोठ्यानं वाचून घेतला. स्मशानाजवळ दाखवला, पाणंदीत दाखवला. मग वावरात शिरला.  ढेकळांतून माणसांचे पाय तेवढे वाजत होते. आजच्या धुऱ्यापासून आठ फूट अलीकडं, उत्तमरावच्या वावरात, त्यानं काठी सरळ धरली आणि लोखंडी खुंटी ठोकली.

"हा बुधाजीचा धुरा. पह्यलेबी इथंच होता."

उत्तमराव खुंटीकडं बघत उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "साहेब, म्या त्याले भर पंचायतीत चोर म्हनलं होतं," तो म्हणाला. मग तो बाजूला जाऊन उभा राहिला.

विपुल जवळ आला. "साहेब, हे छापू काय?"

"छाप. बुधाजीचं नाव वर लिव. चूक कोनाची, तिथं माहं लिव."

अनुपमा मॅडम गर्दीतून पुढं आल्या. चंद्रभानला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी खुंटीची जागा पाहिली, बॅगेतून वही काढली आणि म्हणाल्या, "पंचनामा आत्ताच करून घ्या. पंच इथंच आहेत सगळे." त्यांचा आवाज कडक होता. चंद्रभानचे खांदे सैलावले. चार दिवसांचं ओझं उतरलं असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. असं भर वावरात उभं राहून आपली चूक सांगायला कोणता डॉक्टर येतो, कोणता वकील येतो? मोजणीवाला आला.

गर्दी बाजूला झाली आणि आशाबाई पुढं आली. हात मठ्ठ्यानं ओले होते, ते ती लुगड्याला पुसत होती. ती खुंटीपाशी थांबली.

चंद्रभाननं हात जोडले. "बाई, मले माफ करा. जमीन तुमाले वापस भेटन. कागद मी करून देतो."

"जमिनीचं राहू द्या." ती खुंटीकडंच बघत होती. "पक्कं ना हे, साहेब? त्यानं नव्हता कोरला?"

"नव्हता."

"मरेपर्यंत तेच म्हने तो. आशे, म्या नाई कोरला. जेवता जेवता म्हने. झोपीतून उठून म्हने. शेवटी दवाखान्यात बोलता येत नव्हतं, तरी हातानं असं नाई नाई करे." तिनं हात हलवून दाखवला. "गाव हासलं, त्याचं त्याले काई वाटलं नाई. गावाशी काय करायचं, म्हने. तू त मान. तू एकटी मान. पन मी म्हनलं, काहून खोटं बोलता आता? मोजणीवाल्या साहेबानं सांगितलं ना? शिकलेला मानूस, यंत्र लावून मोजलं त्यानं, त्याचं कसं चुकन?"

चंद्रभानचे जोडलेले हात तसेच राहिले.

"मी तुमचं खरं धरलं, साहेब," आशाबाई म्हणाली. "त्याचं नाई धरलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला उभं राहता आलं असतं. मोजणीवाल्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तीन महिने तो गावोगाव फिरला होता. आणि डोळे झाकून विश्वास ठेवणारं माणूस आज हातभर अंतरावर उभं होतं. चंद्रभानला तिच्याकडं मान वर करून बघवेना.